पन्हळ, रोन, ईव्हजट्रॉफ: परदेशातल्या घराच्या पावसाच्या पाण्याबद्दल कुठल्या शब्दांत बोलायचं

ग्लासगोत आमचं पहिलं घर म्हणजे जुन्या टेनमेंटमधला सगळ्यात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. नोव्हेंबरात झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात, छताला लागून, चहा सांडल्यासारखा एक डाग उमटला. खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहिलं, तर छपराच्या कडेची पन्हळ एका जागी तुडुंब भरली होती आणि पाणी भिंतीवरून ओघळत होतं. इमारतीची देखभाल बघणाऱ्या कंपनीला मी लगेच ईमेल केला: इमारतीच्या पुढच्या बाजूचं गटर तुंबलंय, भिंत ओली होतेय. इंग्रजीत चूक काहीच नव्हती. पण वाचणाऱ्याने गटर म्हणजे रस्त्याच्या कडेची नाली असं धरलं आणि तक्रार महापालिकेच्या रस्ते खात्याकडे पाठवून दिली. तिकडचा माणूस आला, रस्त्यावरची जाळी बघून गेला, काम झाल्याची नोंद झाली. पंधरा दिवस गेले. तोवर डाग ताटाएवढा झाला, गिलावा फुगला. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यात विचारलं, "म्हणजे तुमची रोन तुंबलीय का?" तो शब्द घालून दुसरा ईमेल केला आणि तिसऱ्या दिवशी माणूस छपरावर चढला.

त्यानंतर आम्ही कॅनडात ऑन्टॅरिओला आलो. तिथे रोन कुणालाच कळेना आणि तोच शोध पुन्हा सुरू झाला. मावसभाऊ ओहायोत, मैत्रीण न्यूझीलंडमध्ये, दोघांनी घरं घेतली तेव्हा त्यांच्याकडूनही वेगळेच शब्द ऐकले. छपराच्या पाण्याबद्दल तुम्ही कुठला शब्द वापरता, त्यावरून तुमची तक्रार कुणाच्या टेबलावर जाणार, कुठला कारागीर येणार आणि कोटेशनमध्ये काय धरणार हे ठरतं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

आधी आपल्या मराठी कानाबद्दल एक गोष्ट. आपल्याला गटर म्हटलं की घाण पाण्याचं उघडं गटार दिसतं. मराठीतला गटार हा शब्द इंग्रजी गटरवरूनच आला असं मानतात. इंग्रजी शब्दाचं मूळ मात्र लॅटिन गुट्टा, म्हणजे थेंब. तिकडच्या घरमालकाच्या तोंडी गटर म्हणजे छपराच्या कडेला लावलेली, पागोळ्या झेलणारी पन्हळ. त्यामुळे कुणी "गटर साफ केलं का?" असं विचारलं, तर जमिनीकडे पाहू नका, वर पाहा. कोकणातल्या घराला पोफळ उभी चिरून केलेली किंवा पत्र्याची पन्हळ तुम्ही पाहिली असेल, तर वस्तू तुमच्या ओळखीचीच आहे. फक्त नाव शोधायचं आहे.

१. पाण्याच्या मागोमाग घराभोवती एक फेरी मारा

शब्दांच्या आधी वस्तू नीट बघून घ्या. चांगला पाऊस लागलेला असताना छत्री घेऊन बाहेर पडा आणि पाणी कुठून कुठे जातं ते वरून खाली बघत चला. छपराची कड, तिच्याखालची आडवी पन्हळ, पन्हळ ज्या फळीवर ठोकलेली असते ती फळी, पन्हळीतून पाणी ज्या भोकातून खाली उतरतं ती जागा, भिंतीलगतचा उभा नळ, आणि त्या नळाचं खालचं तोंड. तोंड जमिनीत शिरतं, जाळीवर सुटतं की गवतात मोकळं पडतं, हे नक्की बघा. पुढची अर्धी गुंतागुंत त्यावर अवलंबून आहे.

घरी येऊन कागदावर घराचा चौकोन काढा. प्रत्येक उभ्या नळासाठी एक गोल, पाण्याच्या दिशेचे बाण, गोलांना क्रमांक. डावं-उजवं लिहिताना रस्त्यावर उभं राहून घराकडे तोंड केल्यावरचं डावं-उजवं धरा; कारागीर तसंच धरतात.

ब्रिटनमध्ये ओळीतलं घर असेल, म्हणजे दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लागून शेजारी, तर एक गोष्ट जरूर तपासा. तीन-चार घरांची मिळून एकच सलग पन्हळ असते आणि तुमच्या छपराचं पाणी शेजाऱ्याच्या नळातून उतरत असतं. तुमच्याकडे उभा नळच नसेल तर घाबरू नका, पण शेजाऱ्याशी बोलल्याशिवाय काही उखडूही नका.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर हा हिशेब बघा. छपराच्या एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. ६० चौरस मीटर छपरावर दिवसभरात २० मिलिमीटर पाऊस झाला, तर १,२०० लिटर. एका निसटलेल्या सांध्यातून त्यातलं थोडंसं पाणी जरी रोज भिंतीच्या पायाशी पडलं, तरी तळघर ओलं व्हायला एक हिवाळा पुरतो.

२. आडव्या पन्हळीचं तुमच्या गावातलं नाव शोधा

गटर हा शब्द सगळीकडे कळतो. कळतो, पण नेहमी वापरला जात नाही, आणि माझ्या बाबतीत झालं तसा रस्त्याच्या कडेशी गोंधळही होतो.

स्कॉटलंडमध्ये शब्द आहे रोन. लिहिताना कधी आरनंतर एच घालतात, कधी घालत नाहीत, उच्चार एकच. हा नुसता म्हाताऱ्या माणसांचा बोलीतला शब्द समजू नका. टेनमेंट इमारतींच्या मालकीबद्दलच्या २००४ च्या स्कॉटिश कायद्यात तो छापलेला आहे: वाट, बाहेरचा जिना, रोन, नळ अशा यादीत. त्या कलमाचा अर्थ थोडक्यात असा, की रोन एकाच फ्लॅटच्या कामाची असेल तर ती त्या फ्लॅटची, जास्त फ्लॅटांच्या कामाची असेल तर त्या सगळ्यांची सामायिक. तुमच्या मालकीच्या कागदांत वेगळं काही लिहिलेलं असेल तर ते आधी लागू होतं. म्हणजे 'ही रोन कुणाकुणाचं पाणी घेते' या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे असलं पाहिजे, आणि ते पहिल्या फेरीतल्या नकाशावरून मिळतं.

इथे एक खड्डा आहे. काहींच्या बोलण्यात रोन म्हणजे आडवी पन्हळ, तर काही जण उभ्या नळालाच रोन म्हणतात. पूर्ण शब्द रोन पाइप. फोनवर हा फरक कळत नाही. म्हणून नेहमी "छपराच्या कडेची आडवी रोन" असं पूर्ण सांगा.

इंग्लंडच्या उत्तरेला आणि मिडलंड्समध्ये ट्रॉफिंग ऐकू येतं. कॉर्नवॉलमध्ये लाँडर. तिथल्या कथलाच्या आणि तांब्याच्या खाणींत पाणी वाहून नेणाऱ्या लाकडी पन्हळीला लाँडर म्हणायचे, तोच शब्द घराच्या छपरावर चढला. डेव्हनकडे आणि आयर्लंडच्या दक्षिणेला शूट. उत्तर आयर्लंडमध्ये स्पाउटिंग. लंडनच्या आसपास, स्लाव किंवा हॅरोसारख्या आपल्या लोकांच्या वस्तीत राहत असाल तर गटर आणि गटरिंग एवढ्यावर भागतं.

कॅनडात, विशेषतः ऑन्टॅरिओपासून प्रेअरी प्रांतांपर्यंत, शब्द आहे ईव्हजट्रॉफ. ईव्हज म्हणजे वळचण, ट्रॉफ म्हणजे द्रोणासारखी लांबट कुंडी; वळचणीची पन्हळ, अगदी सरळ अर्थ. स्पेलिंग बघून थ्रू असं वाचू नका. काही स्थानिकांच्या तोंडी तो ट्रॉथसारखाही ऐकू येतो, त्याने गोंधळू नका. ब्रिटिश कोलंबियात मात्र गटर जास्त चालतं. (लपूनछपून ऐकण्याला इंग्रजीत ईव्हजड्रॉप म्हणतात, तो शब्द याच वळचणीतून आला. वळचणीचं पाणी जमिनीवर ज्या पट्ट्यात ठिबकतं तिथे उभं राहून आतलं बोलणं ऐकणारा, तो ईव्हजड्रॉपर. आपणही "वळचणीला उभा राहून ऐकत होता" म्हणतोच. मला हा शब्द कळला त्या दिवशी ते परकं घर जरा आपलं वाटलं.)

अमेरिकेत आता बहुतेक ठिकाणी गटर. पण ग्रेट लेक्सच्या आसपास आणि न्यू इंग्लंडमध्ये जुनी माणसं ईव्हज ट्रॉफ म्हणतात, आणि पेनसिल्व्हेनिया-ओहायोत स्पाउटिंग. हे वाटप उगाच झालेलं नाही. न्यू इंग्लंडची माणसं न्यूयॉर्क राज्यातून पश्चिमेला सरोवरांकडे सरकली आणि आपला शब्द घेऊन गेली. पेनसिल्व्हेनियातली ओहायोकडे गेली आणि त्यांनी आपला नेला. हान्स कुरॅथ या भाषाशास्त्रज्ञाने १९४९ साली पूर्व अमेरिकेतल्या अशा रोजच्या शब्दांचा भूगोल मांडला, त्यात पन्हळीच्या शब्दांनाही जागा आहे. ओहायोत माझ्या मावसभावाला शेजाऱ्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "तुझं स्पाउटिंग लोंबतंय." त्याला वाटलं, बागेतल्या नळाबद्दल बोलताहेत. मागच्या बाजूची दहा फुटांची पन्हळ एका खिळ्यावर होती.

न्यूझीलंडमध्येही स्पाउटिंग, आणि तिथे तो सगळीकडे चालणारा नेहमीचा शब्द आहे. दुकानातल्या पाटीवर तोच असतो. ऑस्ट्रेलियात गटर.

तुमच्या गावचा शब्द शोधायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे रस्त्यावर उभ्या असलेल्या कारागिरांच्या व्हॅन वाचणं. ऑन्टॅरिओत व्हॅनवर 'सॉफिट, फेशिया, ईव्हजट्रॉफ' हे तीन शब्द जोडीने येतात. न्यू जर्सीत 'गटर्स अँड लीडर्स'. त्याखालोखाल हार्डवेअरच्या दुकानातल्या फडताळावरची पाटी. इंटरनेटवर शोधताना तुमच्या गावाचं नाव घालून शोधा, नाहीतर दुसऱ्याच देशाचे शब्द आणि दुसऱ्याच देशाची मापं समोर येतात.

३. उभ्या नळाचं नाव वेगळं शिका

इथे आपल्यातले इंजिनियर हमखास अडकतात. मुंबई-पुण्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपण "गच्चीचा डाउनटेक तुंबलाय" म्हणतो, नकाशावर आरडब्ल्यूपी (रेनवॉटर पाइप) लिहितो. डाउनटेक हा शब्द बाहेर कुणालाही कळत नाही.

ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड: डाउनपाइप. ब्रिटनमध्ये बोलताना ड्रेनपाइपही म्हणतात, पण लिहिताना तो टाळा, कारण सांडपाण्याचा नळही ड्रेनपाइपच. यॉर्कशर-लँकेशरकडे फॉलपाइप. कॅनडा आणि अमेरिकेत डाउनस्पाउट. न्यूयॉर्क-न्यू जर्सीत लीडर. एडिसनला घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना कोटेशनमध्ये 'चार लीडर' असं दिसेल, ते हेच. अमेरिकेत काही ठिकाणी जुना शब्द कंडक्टर. तिथल्या प्लंबिंगच्या नियमावलीत लीडर म्हणजे घराबाहेरचा उभा नळ आणि कंडक्टर म्हणजे इमारतीच्या आतून जाणारा, असा फरक केलेला आहे. परवानगीच्या कागदांवर दोन्ही शब्द दिसले तर ते एकच धरू नका.

४. लहानसहान भाग

हे पाठ करायची गरज नाही, कोटेशन वाचताना समोर असू द्या. ज्या फळीवर पन्हळ बसते ती फेशिया. वळचणीची खालची, तुम्हाला डोक्यावर दिसणारी बाजू सॉफिट. हे दोन्ही शब्द अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना चालतात. उभ्या नळाच्या डोक्यावर पेटी असेल, तर ब्रिटनमध्ये ती हॉपर, अमेरिकेत लीडर हेड किंवा कंडक्टर हेड. जुन्या ब्रिटिश घरांच्या बिडाच्या हॉपरवर पुष्कळदा घर बांधल्याचं साल ओतलेलं असतं, ते वर बघून वाचा. वळचणीपासून भिंतीपर्यंत येणारा वाकडा तुकडा ब्रिटनमध्ये स्वान नेक, अमेरिकेत एल्बो. नळाच्या पायाशी पाणी बाहेर फेकणारं वाकडं तोंड ब्रिटनमध्ये शू.

५. पाणी जमिनीला लागलं की मालक बदलतो

सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ इथे जातो, म्हणून इथे सावकाश वाचा.

ब्रिटनमध्ये उभा नळ बहुधा एका जाळीच्या खड्ड्यावर सुटतो, त्याला गली म्हणतात. आपल्या गल्लीशी त्याचा काही संबंध नाही. आपल्याकडचे प्लंबर गली ट्रॅप म्हणतात तोच हा. नहाणी ट्रॅप मात्र कुणाला सांगू नका, तो शब्द आपल्याकडचाच आहे. तुमच्या आवारातली गली तुमची, रस्त्यावरची महापालिकेची. रस्त्यावरच्या जाळीला ग्लासगोत स्टँक म्हणतात, डंडी-फाइफकडे कंडी. आयर्लंडमध्ये अशा निचऱ्याच्या तोंडाला शोर. किनारा नव्हे. "मागच्या दारची शोर तुंबलीय" असं घरमालकीण म्हणाली तर समुद्र शोधू नका. उत्तर अमेरिकेत रस्त्यावरच्या जाळीखालचा खड्डा कॅच बेसिन, आणि त्याला जोडलेली पावसाच्या पाण्याची वाहिनी स्टॉर्म सूअर.

पाणी आवारातच जिरवायची सोय असेल, तर ब्रिटनमध्ये तिला सोकअवे म्हणतात, अमेरिकेत ड्राय वेल. ही कोरडी विहीर वगैरे काही नसते. आपल्या ग्रामपंचायतीच्या योजनेतला शोषखड्डाच. लांब चर खणून त्यात खडी आणि भोकांची नळी टाकलेली असेल तर तो फ्रेंच ड्रेन. त्याचा फ्रान्सशी संबंध नाही. हेन्री फ्लॅग फ्रेंच नावाच्या अमेरिकन माणसाने १८५९ साली शेतातल्या निचऱ्यावर पुस्तक लिहिलं, त्याच्या आडनावावरून ते नाव पडलं. पाणी साठवायचं पिंप ब्रिटनमध्ये वॉटर बट, उत्तर अमेरिकेत रेन बॅरल, ऑस्ट्रेलियात मोठी टाकी असते आणि तिला रेनवॉटर टँक म्हणतात.

आता यातली पैशाची बाजू. इंग्लंड आणि वेल्समध्ये पाण्याच्या बिलात 'सरफेस वॉटर ड्रेनेज' अशी रक्कम असते. बहुतेकांना ती रस्त्याच्या पाण्याची वाटते. ती तुमच्या छपरावरून आणि आवारातून सार्वजनिक वाहिनीत जाणाऱ्या पावसाच्या पाण्याची आहे. तुमचं सगळं पावसाचं पाणी आवारातल्याच सोकअवेत जिरत असेल, तर पाणी कंपनीकडे अर्ज करून ही रक्कम माफ करून घेता येते. अर्जासोबत पाणी कुठे जातं हे दाखवणारा नकाशा किंवा फोटो मागतात. पहिल्या फेरीतला तुमचा कागद इथेही उपयोगी पडतो.

टोरँटोत उलटी गोष्ट आहे. जुन्या भागांत पावसाचं पाणी आणि मैलापाणी एकाच वाहिनीतून जातं. जोराच्या पावसात ती भरली की पाणी नद्यांत आणि सरोवरात जातं, लोकांच्या तळघरांतही उलटं येतं. म्हणून शहराने छपराचे उभे नळ वाहिनीपासून तोडण्याचा नियम टप्प्याटप्प्याने आणला, तो २०१६ पर्यंत सगळ्या शहराला लागू झाला. त्याचं नाव डाउनस्पाउट डिसकनेक्शन. ओळखीतल्या एका कुटुंबाच्या हातात जुन्या घरासोबत असं पत्र आलं आणि घरात दोन दिवस धास्ती, की पाणी तोडणार. तोडायचं असतं ते नळाचं जमिनीत गेलेलं टोक. ते कापून, जमिनीतल्या भोकाला बूच मारून, पाणी घरापासून लांब गवतावर सोडायचं. पायापासून साधारण सहा फूट लांब, आणि शेजाऱ्याच्या आवारात किंवा पायवाटेवर जाणार नाही असं. हिवाळ्यात पायवाटेवर आलेलं हे पाणी रात्रीत काचेसारखं गोठतं.

६. हाताशी ठेवायचे कागद आणि वस्तू

- घराभोवतीच्या फेरीतला हाताने काढलेला नकाशा, क्रमांकांसह
- पाऊस चालू असतानाचे आणि कोरड्या दिवसाचे, तारीख दिसेल असे फोटो
- घर घेतानाचा तपासणी अहवाल. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २००८ पासून विक्रीच्या बहुतेक घरांना होम रिपोर्ट लागतो. त्यात 'रेनवॉटर फिटिंग्ज' असं वेगळं सदर असतं आणि १ ते ३ असा दर्जा. ३ म्हणजे ताबडतोब दुरुस्ती
- फ्लॅट असेल तर मालकीचे कागद आणि देखभाल बघणाऱ्याचा पत्ता. स्कॉटलंडमध्ये त्याला फॅक्टर म्हणतात, इंग्लंडमध्ये मॅनेजिंग एजंट
- घराच्या विम्याची पॉलिसी
- आधीच्या मालकाने करून घेतलेल्या कामाची बिलं, मिळाली तर
- मोजपट्टी, बादली, जाड रबरी हातमोजे, लहान थापी, बागेचा पाइप, टॉर्च

विम्याबद्दल एकच सांगते. हळूहळू मुरलेल्या पाण्याला विमा कंपन्या सहसा देखभालीतली हयगय मानतात आणि दावा नाकारतात. म्हणून डाग दिसला त्याच दिवशी फोटो काढा आणि त्याच दिवशी लेखी कळवा. माझ्याकडे पहिल्या दिवसाचा ईमेल होता, चुकीच्या शब्दाचा का असेना, म्हणून गिलाव्याच्या खर्चाबद्दल बोलायला जागा राहिली.

७. फोन किंवा ईमेल करताना

एकाच शब्दावर विसंबू नका. स्थानिक शब्द, सगळीकडे चालणारा शब्द आणि जागेचं वर्णन, तिन्ही एका वाक्यात घाला. म्हणजे ग्लासगोत असाल तर: "छपराच्या कडेची आडवी रोन, म्हणजे रूफ गटर, पुढच्या बाजूला, डावीकडून दुसऱ्या खिडकीच्या वर." ऑन्टॅरिओत रोनच्या जागी ईव्हजट्रॉफ. 'रूफ' हा शब्द कधीही गाळू नका. त्या एका शब्दाने माझे पंधरा दिवस वाचले असते.

मग पाणी काय करतंय ते सांगा: पुढच्या कडेवरून ओसंडतंय, सांध्यातून ठिबकतंय, की पन्हळीच्या मागून भिंतीवर उतरतंय. तिन्हींची कारणं वेगळी असतात. ओसंडणं म्हणजे बहुधा तुंबलंय किंवा उतार बिघडलाय, सांध्यातलं ठिबकणं म्हणजे रबर गेलंय, आणि मागून उतरणं म्हणजे छपराची कड पन्हळीपर्यंत पोचत नाहीये. कारागीर हे ऐकून योग्य सामान घेऊन येतो.

८. कोटेशन वाचताना

'गटर बदलणे' या ओळीत उभे नळ धरलेले नसतात, असं समजूनच विचारा. अमेरिकेत आणि कॅनडात दर फुटावर असतो; किती फूट आडवे आणि किती फूट उभे, हे वेगवेगळं लिहून मागा. जुनी पन्हळ काढून नेण्याचा खर्च, फेशियाची फळी कुजलेली निघाली तर तिचा दर, आणि नळाच्या पायाशी लांबवायचा तुकडा, या तीन गोष्टी नंतर बिलात वाढतात.

मापं देशागणिक वेगळी. ब्रिटनमध्ये प्लास्टिकची अर्धगोल पन्हळ ११२ मिलिमीटर आणि गोल नळ ६८ मिलिमीटर हे नेहमीचं. अमेरिकेत ॲल्युमिनियमची ५ इंची, जिच्या आकाराला के-स्टाइल म्हणतात. मोठ्या छपराला ६ इंची. तिकडे 'सीमलेस' असं लिहिलेलं असेल तर पत्र्याची गुंडाळी गाडीतून आणून तुमच्या दारातच अखंड पन्हळ काढून देतात, मधे सांधा नाही. ब्रिटनमधल्या प्लास्टिकच्या सांध्याच्या आत एक बारीक उमटलेली रेघ असते: पन्हळीचं टोक तिथपर्यंतच घालायचं, कारण उन्हात प्लास्टिक लांबतं. टोक रेघेच्या पुढे ठासलं तर उन्हाळ्यात पन्हळ वाकते, आखूड राहिलं तर हिवाळ्यात सांधा उघडतो. काम संपल्यावर शिडीवरच्या माणसाला ही रेघ दाखवायला सांगितलंत, तर तो काम जपून करतो.

ब्रिटनमधल्या जुन्या घराची पन्हळ करड्या, सिमेंटसारख्या पदार्थाची असेल तर ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. ॲस्बेस्टॉसवर तिथे १९९९ साली पूर्ण बंदी आली, त्याआधीच्या पन्हळी अजून लोंबत आहेत. फोडू नका, घासू नका, कापू नका. आधी तपासून घ्या.

९. केव्हा आणि कसं साफ करायचं

पानगळ पूर्ण झाल्यावर, पण पहिल्या कडक थंडीच्या आधी. ऑन्टॅरिओत ही खिडकी जेमतेम दोन-तीन आठवड्यांची असते आणि सगळा मोहल्ला एकाच वेळी कारागिरांना फोन करतो, त्यामुळे सप्टेंबरातच वेळ ठरवून टाका. पन्हळीत पानं राहिली तर पाणी तिथेच गोठतं. त्यातच घराच्या उबेने छपरावरचा बर्फ खालून वितळून कडेला येऊन पुन्हा गोठला, की त्या बांधामागचं पाणी कौलांखाली शिरतं. त्याला आइस डॅम म्हणतात. लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळक्यांना काठीने ठोकू नका, पन्हळच खाली येते. ऑस्ट्रेलियात वणव्याच्या हंगामाआधी साफ करतात, कारण उडत आलेली ठिणगी पन्हळीतल्या कोरड्या पानांत पडली की छप्पर पेटतं.

शिडी चार फूट उंचीला एक फूट बाहेर, या प्रमाणात लावा. शिडी प्लास्टिकच्या पन्हळीला टेकवू नका. खाली धरायला माणूस असल्याशिवाय चढू नका, आणि उत्तर अमेरिकेत घराकडे येणारी विजेची तार कुठून येते ते आधी बघा. एका मजल्यापेक्षा उंच असेल तर माणूस बोलवा. टेनमेंटच्या चौथ्या मजल्याचं काम तर शिडीचं नव्हेच.

साफ झाल्यावर बागेचा पाइप वर नेऊन पन्हळीच्या, नळापासून लांबच्या टोकाला पाणी सोडा आणि एका माणसाला खाली नळाच्या तोंडाशी उभं करा. पाणी लगेच आणि जोरात आलं तर ठीक. उशिरा आणि बारीक आलं तर नळाच्या वरच्या वाकात गोळा अडकलेला आहे. तो वरून ढोसू नका, खालचा जोड सोडवून काढा. मग पुढच्या पावसाची वाट बघा, छत्री घ्या, आणि तो नकाशा हातात धरून पुन्हा एकदा घराभोवती फिरा. ज्या गोलाशी पाणी दिसत नाही, त्यावर फुली मारा आणि सकाळी पहिला फोन त्याच नळाचा करा.